सीमा उघडली म्हणजे नेमकं काय उघडलं? २०२० च्या युरोपीय उन्हाळ्याचं गणित

२५ जुलै २०२०, कोरोनाच्या साथीतली एक शनिवारची संध्याकाळ. ब्रिटन सरकारने जाहीर केलं की मध्यरात्रीनंतर स्पेनहून येणाऱ्या प्रत्येकाने १४ दिवस क्वारंटाइनमध्ये राहायचं. मध्यरात्रीला काही तासच उरले होते आणि हजारो ब्रिटिश कुटुंबं त्या वेळी स्पेनच्या किनाऱ्यांवर होती. त्यात खुद्द ब्रिटनचे वाहतूकमंत्री ग्रँट शॅप्सही होते. ते त्याच दिवशी सहकुटुंब सुट्टीसाठी तिथे पोहोचले होते. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी याच सरकारने स्पेनचं नाव क्वारंटाइनमधून सूट असलेल्या देशांच्या यादीत घातलं होतं.

त्या उन्हाळ्यात असे प्रकार इतके झाले की नियम करणाऱ्यांनाच काही कळत नाही, असं लोकांचं मत झालं. थोडंफार ते खरंही होतं. आज यादीत असलेला देश उद्या बाहेर, एका देशात चाचणी पुरते तर शेजारी देशात पुरत नाही, जर्मन माणूस स्पेनला जाऊ शकतो पण पुण्याचा माणूस आपल्या जर्मनीतल्या मुलीकडे जाऊ शकत नाही. या सगळ्या गोंधळाच्या तळाशी मात्र एक गणित होतं, आणि ते दहावीच्या पुस्तकाबाहेरचं नाही. ते एकदा नीट पाहिलं की कुठला निर्णय शहाणपणाचा होता आणि कुठला नुसता देखावा, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

आधी दोन दारं वेगळी करू

युरोपात 'सीमा' दोन प्रकारच्या. एक, युरोपातल्याच दोन देशांमधली. १९८५ साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या गावी झालेल्या करारातून पुढे असं क्षेत्र तयार झालं, की त्यातल्या एका देशातून दुसऱ्यात जाताना एरवी पासपोर्ट दाखवावा लागत नाही. २०२० मध्ये या क्षेत्रात २६ देश होते. आपल्याकडच्या टूर कंपन्यांची 'दहा दिवसांत सात देश' ही करामत एका व्हिसावर चालते ती याच कारणाने. दुसरी सीमा म्हणजे या सगळ्या क्षेत्राभोवतीची, बाहेरच्या जगाला लागून असलेली.

मार्च २०२० मध्ये दोन्ही बंद झाल्या. आतल्या सीमा देशांनी आपापल्या मर्जीने, एकमेकांना न विचारता बंद केल्या. बाहेरच्या सीमेवर अनावश्यक प्रवास थांबवायचं युरोपीय संघाच्या नेत्यांनी १७ मार्चला मिळून ठरवलं. उघडताना आधी आतली दारं उघडली. एस्टोनिया, लाटविया आणि लिथुएनिया यांनी १५ मे रोजी एकमेकांपुरत्या सीमा मोकळ्या केल्या. इटलीने ३ जूनला युरोपीय पाहुण्यांना आत घेतलं, १५ जूनला जर्मनी, फ्रान्ससह बऱ्याच देशांनी तपासण्या उठवल्या, २१ जूनला स्पेनने. बाहेरच्या जगासाठी दार किलकिलं झालं ते १ जुलैला, तेही मोजक्या देशांपुरतं.

एवढी घाई कशाची होती?

पैशांची, हे उघड आहे. पण 'पैशांसाठी लोकांचे जीव धोक्यात घातले' असं म्हणून मोकळं होण्याआधी आकडे बघायला हवेत. २०१९ मध्ये ग्रीसमध्ये परदेशातून सुमारे ३ कोटी १० लाख पर्यटक आले. ग्रीसची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर, म्हणजे माणशी तीन पाहुणे. स्पेनमध्ये त्या वर्षी साधारण ८ कोटी ३५ लाख आले. ग्रीस आणि क्रोएशिया यांच्या अर्थव्यवस्थेचा जवळपास पाचवा हिस्सा प्रत्यक्ष-अप्रत्यक्षपणे पर्यटनावर उभा आहे.

त्यातही हा धंदा वर्षभर सारखा चालत नाही. भूमध्य समुद्रातल्या बेटांवर जुलै-ऑगस्टमध्ये जे मिळतं त्यावर खानावळवाले, बोटवाले, खोल्या भाड्याने देणारे पुढचा अख्खा हिवाळा काढतात. सप्टेंबरमध्ये सीमा उघडली तर त्यांच्या दृष्टीने ती पुढच्या वर्षीच उघडली. त्यामुळे 'आणखी दोन महिने थांबू' हा पर्याय कागदावर जितका साधा दिसत होता तितका नव्हता. शिवाय ग्रीसने पहिली लाट चांगली थोपवली होती. जूनअखेरीस तिथे एकूण मृत्यू २०० च्याही आत होते. ज्याने घर सांभाळलं त्यालाच आता पाहुणे बोलवायचे होते.

दार उघडूनही सगळं काही परत आलं नाहीच. २०२० मध्ये ग्रीसला सुमारे ७४ लाख पर्यटक मिळाले, स्पेनला साधारण १ कोटी ९० लाख. म्हणजे नेहमीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास.

पहिली पायरी: बाधित किती येतील?

हा सरळ गुणाकार आहे. येणारे किती, गुणिले ते जिथून येतात तिथे दर हजारी किती जण या घडीला बाधित आहेत. समजा एका बेटावर महिन्याभरात एक लाख पर्यटक आले आणि त्यांच्या देशात हजारात एकाला लागण झालेली आहे. मग सरासरी १०० बाधित त्या बेटावर उतरतील. सीमेवरच्या तपासणीत निम्मे सापडले तर ५०.

यात एक गोम आहे. 'हजारात एक' हा आकडा कोणालाच नक्की माहीत नसतो. आपल्याला माहीत असतात ते चाचणीत सापडलेले रुग्ण, आणि चाचण्या किती करता त्यावर ते ठरतात. कमी चाचण्या करणारा देश कागदावर निरोगी दिसतो. या गोमेकडे पुढे परत यावं लागेल, कारण भारताचं नाव यादीत नसण्याशी तिचा संबंध आहे.

दुसरी पायरी: आलेल्या बाधितांचं पुढे काय होतं?

इथे एकच तांत्रिक संज्ञा लागेल: 'आर'. एक बाधित माणूस सरासरी किती जणांना लागण देतो, तो आकडा म्हणजे आर. तो एकापेक्षा जास्त असेल तर साथ वाढते, कमी असेल तर विझत जाते. आर हा फक्त विषाणूचा गुण नव्हे. लोक किती भेटतात, बंद खोलीत भेटतात की मोकळ्यावर, मास्क घालतात का, बाधिताचे संपर्क किती लवकर शोधले जातात, या सगळ्यावर तो ठरतो. तोच विषाणू एका गावात १.२ ने पसरेल आणि दुसऱ्यात ०.८ ने.

विरजणाचं उदाहरण घ्या. चमचाभर विरजण कोमट दुधात घातलं की सकाळी पातेलंभर दही. तेच फ्रीजमधल्या थंड दुधात घातलं तर फारसं काही होत नाही. आणि आधीच दही लागलेल्या पातेल्यात आणखी एक चमचा घातला तर कोणाला कळणारही नाही. बाहेरून आलेला बाधित हा तो चमचा. त्याने काय होईल हे पातेल्यात आधीच काय आहे आणि ते किती कोमट आहे यावर अवलंबून.

आता आकड्यांत. बेटावर १०० बाधित आले आणि तिथला आर ०.८ आहे. ते ८० जणांना देतील, ते ८० पुढे ६४ जणांना, आणि अशा उतरत्या साखळीची बेरीज ५०० वर थांबते. त्रासदायक, पण एखादं बरं जिल्हा रुग्णालय निभावून नेईल. आर १.२ असेल तर मात्र साखळी थांबतच नाही. एका फेरीला साधारण पाच दिवस धरले तर दहा फेऱ्यांनी, म्हणजे पन्नासेक दिवसांनी, एकेका फेरीत सहाशेहून अधिक नवे बाधित असतील आणि ती संख्या वाढतच असेल.

आणि सीमा उघडणं हा प्रकार दूध गरम करतोच. पर्यटक येणार म्हणून बार उघडतात, स्थानिक तरुण तिथे कामाला लागतात, आचारी-वेटर एका खोलीत चार-चार जण राहतात. स्पेनच्या मायोर्का बेटावर १५ जूनला निवडक जर्मन पर्यटक आणायला सुरुवात झाली. एकूण १०,९०० जणांना येऊ द्यायचं, असा तो प्रयोग होता. पहिले पाहुणे टाळ्यांच्या गजरात उतरले. बरोबर एका महिन्याने, १५ जुलैला, तिथल्या सरकारला बेटावरच्या 'बिअर स्ट्रीट' नावाने प्रसिद्ध गल्लीतले आणि ब्रिटिशांच्या आवडत्या मागालूफमधले बार बंद करावे लागले. मास्क आणि अंतर गुंडाळून ठेवून रस्त्यावर गर्दी नाचत होती. ही गर्दी विमानतळावर कोणतीच चाचणी रोखू शकली नसती.

मग बाधितांनी नेमकं बिघडतं ते काय? वेळ.

मला या सगळ्या विषयात सर्वात उपयोगी वाटलेला हिशेब हा आहे. पुन्हा आर १.२ धरू, फेरी पाच दिवसांची. बेटावर आधी फक्त १० बाधित होते. पर्यटक आले नसते तर १० चे १०० व्हायला साडेबारा फेऱ्या, म्हणजे दोन महिने लागले असते. १०० बाधित पर्यटकांनी ते दोन महिने एका झटक्यात खाऊन टाकले. जो सप्टेंबर यायचा होता तो जुलैतच आला.

आता दुसरं ठिकाण घ्या, जिथे आधीच १०,००० बाधित आहेत. तिथे आणखी १०० आले तर एक टक्का भर पडली. साथीचं घड्याळ त्याने किती पुढे सरकलं? सहा-सात तास.

'सीमा उघडाव्यात का?' या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच उत्तर नसतं, ते यामुळे. न्यूझीलंडसारख्या ठिकाणी, जिथे विषाणू जवळपास नव्हताच, प्रत्येक आगंतुक बाधिताची किंमत प्रचंड होती. ज्या देशात साथ आधीच घरोघरी पोहोचली आहे त्याने शेजाऱ्यासाठी दार बंद ठेवणं ही बव्हंशी हातचलाखी. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा निष्कर्षही याच अंगाने जाणारा आहे: आत साथ मोठी असेल तर कडक प्रवासबंदीचा फायदा थोडा, आणि आत साथ नगण्य असेल किंवा आर एकाच्या उंबरठ्यावर असेल तर फायदा मोठा.

सरकारांना मात्र दार बंद करणं सोपं वाटतं. बाहेरच्याला मत नसतं.

'पण चाचणी करून घेतलं की झालं ना?'

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला गेला. आरटी-पीसीआर चाचणी विषाणूचा अंश शोधते, आणि तो सापडण्याइतका वाढायला शरीरात काही दिवस जावे लागतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये आधीच्या सात अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली. लागण झाल्याच्या पहिल्या दिवशी चाचणी जवळपास कधीच काही दाखवत नाही. चौथ्या दिवशीही ६७ टक्के बाधितांचा अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. लक्षणं दिसतात त्या सुमारास हे प्रमाण ३८ टक्क्यांवर येतं आणि आठव्या दिवशी २० टक्क्यांवर.

आता प्रवाशाचा विचार करा. बुधवारी चाचणी दिली, गुरुवारी मित्रांची निरोपाची पार्टी झाली, शुक्रवारी विमान. त्याच्या हातातला कागद बुधवारचं सांगतोय. आणि मंगळवारी लागण झाली असेल तर बुधवारचंही नीट सांगत नाहीये.

आइसलँडने यातून मार्ग काढला. १५ जूनपासून त्यांनी विमानतळावर एक चाचणी ठेवली होती. नको असेल तर १४ दिवस क्वारंटाइन. पण पहिल्या चाचणीतून निसटणारे पुढे साखळ्या सुरू करतात हे दिसल्यावर १९ ऑगस्टपासून दोन चाचण्या केल्या. एक उतरल्यावर, मग पाच-सहा दिवस क्वारंटाइन, मग दुसरी. आरोग्याच्या दृष्टीने हे उत्तम. पर्यटनाच्या दृष्टीने? आठवड्याच्या सुट्टीतले पाच दिवस खोलीत काढायला कोण जाणार? हा पेच शेवटपर्यंत कोणालाच सुटला नाही: जी तपासणी खरोखर काम करते ती सुट्टीच संपवते.

ग्रीसने काय वेगळं केलं

ग्रीसकडे येणाऱ्या प्रत्येकाची चाचणी करण्याइतकी क्षमता नव्हती. मग कोणाची करायची? त्यांनी वापरलेली पद्धत मला त्या उन्हाळ्यातली सर्वात हुशार गोष्ट वाटते, आणि आपल्याकडे तिची फारशी चर्चाच झाली नाही.

प्रवाशाने निघण्याआधी ऑनलाइन फॉर्म भरायचा. कुठल्या देशातून आणि त्यातल्या कुठल्या भागातून येताय, वय, लिंग, कुठे उतरणार. त्यावर क्यूआर कोड मिळायचा. अथेन्सला किंवा एखाद्या बेटावर उतरलं की कर्मचारी तो कोड स्कॅन करणार आणि पडद्यावर दोनपैकी एक उत्तर येणार: जा, किंवा चाचणीच्या टेबलाकडे वळा. टेबलाकडे वळवलेल्यांनी नमुना द्यायचा आणि निकाल येईपर्यंत मुक्कामी वेगळं राहायचं.

हे ठरवणारी प्रणाली संशोधक हमसा बस्तानी, किमोन ड्राकोपुलोस, विशाल गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रीक सरकारबरोबर तयार केली होती. तिचं नाव 'ईव्हा'. आदल्या काही दिवसांत कुठल्या भागातले, कुठल्या वयाचे प्रवासी जास्त पॉझिटिव्ह निघाले ते पाहून ती आजच्या चाचण्या वाटायची. पण सगळ्या चाचण्या ती तिथेच खर्चत नसे. ज्या गटांबद्दल फार माहिती नाही त्यांच्यासाठीही ती काही राखून ठेवायची, कारण जिथे शोधतच नाही तिथे साथ वाढतेय हे कळणार कसं? ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२० या काळात, चाळीस प्रवेशठिकाणी, ईव्हाने नुसत्या चिठ्ठ्या टाकून निवडल्यावर जितके लक्षणं नसलेले बाधित सापडले असते त्याच्या सुमारे १.८५ पट शोधले. हा अभ्यास २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आला.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे. देशांनी जाहीर केलेले रुग्णसंख्येचे आकडे पाहून त्या देशातून येणाऱ्या प्रवाशांत बाधित किती असतील, याचा अंदाज नीट लागत नव्हता. आणि सारा युरोप याद्या बनवत होता त्या याच आकड्यांवर.

भारत यादीत का नव्हता?

३० जून २०२० रोजी युरोपीय संघाने १५ देशांची यादी काढली. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, दक्षिण कोरिया, थायलंड, कॅनडा, जॉर्जिया, सर्बिया, माँटेनेग्रो, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, रवांडा, उरुग्वे, आणि चीन. चीनसाठी अट अशी की त्यांनीही युरोपीयांना आत घ्यावं. अमेरिका, रशिया, ब्राझील आणि भारत बाहेर.

निकष तीन होते. गेल्या १४ दिवसांतले दर लाख लोकसंख्येमागचे नवे रुग्ण युरोपीय सरासरीच्या आसपास किंवा खाली असावेत. आकडा स्थिर किंवा उतरता असावा. आणि चाचण्या, संपर्कशोध, उपचार यांची एकूण व्यवस्था भरवशाची असावी. भारताची त्या वेळची दर लाखी नोंद भयंकर नव्हती, पण आलेख सरळ वर चालला होता. दुसऱ्याच निकषावर आपण अडकलो.

'हा भेदभाव नाही का?' असा प्रश्न आपल्याकडे विचारला गेला. निकष पाहता त्यात वर्ण किंवा श्रीमंती नव्हती. अमेरिका बाहेर आणि रवांडा आत होता. पण निकष प्रामाणिक असला म्हणजे मोजपट्टी अचूक असतेच असं नाही. चाचण्यांची गोम इथे आडवी येते. शिवाय एक गोष्ट विसरायला नको: त्या घडीला भारतातूनही बाहेर पडता येत नव्हतं. आपण १३ मार्चपासून पर्यटक व्हिसा स्थगित केले होते आणि त्याच महिन्यात नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबवली होती, ती पूर्ववत झाली थेट २७ मार्च २०२२ ला. मधल्या काळात 'वंदे भारत' मोहिमेची, म्हणजे परदेशात अडकलेल्यांना आणणारी विमानं आणि 'एअर बबल', म्हणजे दोन देशांनी आपसात ठरवलेली मर्यादित उड्डाणं, एवढ्यावरच भागलं. मे महिन्यातल्या युरोप सहलींचे पैसे भरून बसलेल्या असंख्य मराठी कुटुंबांची सुट्टी युरोपीय संघाच्या यादीआधीच बुडाली होती.

'साथ पर्यटकांनीच आणली याला पुरावा काय?'

याला चांगला पुरावा आहे, आणि तो विषाणूच्या जनुकीय खुणांतून मिळाला. विषाणू पसरताना त्याच्यात बारीक बदल होत जातात, त्यावरून कुठली साखळी कुठून आली हे ओळखता येतं. २०२० च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला स्पेनच्या ईशान्येला, आरागॉन आणि कातालोनियात, शेतमजुरांमध्ये एक प्रकार पसरू लागला. पुढे त्याला बी.१.१७७ हे नाव मिळालं. शरद ऋतूपर्यंत तो युरोपभर पोहोचला होता आणि ब्रिटनमध्ये तर तो सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारांपैकी एक झाला.

साथरोगशास्त्रज्ञ एमा हॉडक्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा माग काढला. आधी शंका अशी होती की हा प्रकार जास्त संसर्गजन्य असावा. तसा पुरावा मिळाला नाही. त्याच्या यशाचं कारण साधं होतं: स्पेनमध्ये रुग्ण वाढत असतानाच लोक सुट्टीला तिथे गेले, परत आले, आणि परतल्यावर त्यांना नीट अडवलं गेलं नाही.

'परत आले' हे महत्त्वाचं. पर्यटन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येणारा परका उभा राहतो. पण ब्रिटनमध्ये हा प्रकार नेणारे बहुतेक ब्रिटिशच होते, सुट्टी संपवून घरी आलेले. आपल्याच नागरिकाला कुठलाही देश सीमेवरून परत पाठवू शकत नाही. सीमा पर्यटकांसाठी उघडली की ती दोन्ही बाजूंनी उघडते, हे यजमान देशाच्या लक्षात असतं, पाहुण्यांच्या देशाच्या असतंच असं नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ग्रीसमध्ये ७ नोव्हेंबरला पुन्हा देशभर लॉकडाऊन लागला, तेव्हा सर्वात वाईट अवस्था पर्यटकांनी गजबजलेल्या बेटांची नव्हती. ती थेस्सालोनिकी या उत्तरेकडच्या मोठ्या शहराची होती. ठिणगी बाहेरून आली असेल, पण नोव्हेंबरच्या थंडीत दारं-खिडक्या लावून बसलेल्या शहराने बाकीचं काम स्वतःच केलं.

गोव्याचा जुलै

आपल्याकडे हाच प्रयोग गोव्याने केला. २ जुलै २०२० पासून देशांतर्गत पर्यटकांना प्रवेश. अट अशी की ४८ तासांच्या आतलं निगेटिव्ह प्रमाणपत्र आणा, नाहीतर इथे येऊन चाचणी करा आणि निकाल येईपर्यंत वेगळे राहा. मुक्काम फक्त सरकारकडे नोंद झालेल्या, परवानगी मिळालेल्या हॉटेलांत.

४८ तासांची मुदत कितपत उपयोगी, ते वर आलंच आहे. पण गोव्यात आणखी एक गोष्ट होती जी ग्रीक बेटांवर नव्हती: पत्रादेवीचा चेकनाका. सावंतवाडी, दोडामार्ग, बांदा इथून रोज गोव्यात कामाला जाणारी माणसं आहेत. पर्यटकासाठी नियम आखताना त्यांचं काय, हा प्रश्न मागून आला. ज्या सीमेवरून रोजची ये-जा चालते ती बेटाच्या सीमेसारखी राबवता येत नाही. रोज चाचणी कोण करणार आणि पैसे कोण देणार? १ सप्टेंबरपासून गोव्याने प्रमाणपत्राची अट काढूनच टाकली. तोवर साथ राज्यात आत पसरलेली होती, म्हणजे वरच्या हिशेबातलं 'सहा-सात तास' वालं उदाहरण. अट ठेवून फारसं हाती लागलं नसतं.

२०२१: लस आली, मग कागद आला

पुढच्या उन्हाळ्यात प्रश्न बदलला. १ जुलै २०२१ पासून युरोपीय संघाने एक डिजिटल प्रमाणपत्र लागू केलं: लस घेतलीय, किंवा नुकतेच बरे झालाय, किंवा चाचणी निगेटिव्ह आहे, यांपैकी एक दाखवा. त्याच दिवशी थायलंडने फुकेत बेट लसवंत परदेशी पर्यटकांसाठी उघडलं, तेही आधी बेटावरच्या लोकांचं लसीकरण उरकून. या हिशेबात फुकेतचा क्रम मला पटतो: आधी आतली व्यवस्था, मग दार.

युरोपच्या प्रमाणपत्रात मात्र पुणे अडकलं. युरोपच्या औषध नियामकाने ऑक्सफर्ड-अॅस्ट्राझेनेकाच्या लसीला 'वॅक्सझेव्रिया' या नावाने मान्यता दिली होती. सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड हीच लस, पण मान्यता नुसत्या कृतीला मिळत नाही. ती कुठल्या कारखान्यात, कशी बनते हेही तपासलं जातं. सीरमच्या कारखान्यासाठी ती प्रक्रिया झालेली नव्हती. त्यामुळे एकच लस घेतलेल्या दोघांपैकी एकाला प्रवेश, दुसऱ्याला नाही. यातला विनोद असा, की मार्च २०२१ मध्ये ब्रिटनने स्वतः सीरमकडून ५० लाख डोस नेले होते, आणि जुलैत काही ब्रिटिश पर्यटकांना माल्टाच्या विमानात चढू दिलं नाही कारण त्यांच्या डोसची बॅच भारतातली निघाली.

जर्मनी, स्पेन, ग्रीस अशा काही देशांनी जुलैच्या सुरुवातीलाच कोव्हिशील्ड आपापल्या पातळीवर मान्य केली. ब्रिटनचा घोळ ऑक्टोबरपर्यंत चालला. 'लस मान्य, पण तुमचं प्रमाणपत्र नाही' अशी त्यांची भूमिका होती. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांना दहा दिवसांचं क्वारंटाइन लावलं आणि ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने आपला नियम सोडला. साथरोगशास्त्राचा यात काही संबंध नव्हता. हे शुद्ध राजनैतिक देणं-घेणं होतं, आणि ते तसंच म्हणून वाचावं.

आणि २०२३ चा उलटा प्रसंग

८ जानेवारी २०२३ ला चीनने जवळपास तीन वर्षांनी सीमा उघडल्या, ऐन तिथली लाट शिगेला असताना. त्या उघडणार हे जाहीर होताच अनेक देशांनी चीनहून येणाऱ्या प्रवाशांसाठी चाचणी सक्तीची केली. भारतानेही चीन, जपान, थायलंड यांच्यासह सहा ठिकाणांहून येणाऱ्यांना १ जानेवारीपासून आरटी-पीसीआर लावली आणि १३ फेब्रुवारीला ती उठवली. युरोपच्या रोगनियंत्रण केंद्राने मात्र अशी चाचणी समर्थनीय नाही, असं आधीच सांगून टाकलं होतं. त्यांचं कारण वरच्याच गणितातलं: युरोपात लस आणि आधीच्या लागणींमुळे प्रतिकारशक्ती भरपूर, चीनमध्ये पसरणारे प्रकार युरोपात आधीच फिरून गेलेले, आणि आतली रुग्णसंख्या एवढी की बाहेरच्यांची भर किरकोळ.

उरलेली खरी चिंता होती ती एखादा नवा प्रकार शिरण्याची. त्यासाठी युरोपीय देशांनी सुचवलेल्या उपायांत एक होता विमानांच्या शौचालयांचं सांडपाणी तपासणं. तीनशे जणांच्या नाकात काडी घालण्याऐवजी एक नमुना, रांग नाही, कोणाची सुट्टी बुडत नाही. यातून कोण बाधित आहे ते कळत नाही, त्यामुळे कोणाला अडवताही येत नाही. कुठला प्रकार कुठून येतोय एवढं मात्र कळतं.